उणे तीन

एक तारखेला वाल्दुरने नवं पान उलटलं.
औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली दिनदर्शिका,
तिच्या चौकटींत तो पेन्सिलीने आभाळ लिहितो :
पूर्वेचा वारा. कोरडं. पूर्वेचा वारा. कोरडं.
अकरा दिवस त्याला दुसरा शब्द लागला नाही.

सारेमा बेटाच्या या टोकाला माती फार नाही.
वीतभर खणलं की फावडं ठणकन बोलतं,
खाली चुनखडी.
त्या वीतभर मातीतली ओल वाऱ्याने उचलली
आणि गाजराच्या वाफ्यावर अशी पापडी धरली
की अंकुर आतूनच डोकं आपटून बसले.
मी झारीने पाणी घातलं. ते वरच्यावर घरंगळलं
आणि दगडी बांधाशी जाऊन उभं राहिलं,
परक्या घरी आलेल्या मुलासारखं.

बारा तारखेला ढग आले, समुद्रावर बरसून गेले.
वाल्दुरच्या पर्जन्यमापकात अर्धा मिलिमीटर.
माझ्यात दोन.
"तुझं मापक सफरचंदाखाली आहे, हेल्वे," तो कुंपणापलीकडून म्हणाला,
"तू पाऊस नाही, झाडाचं गळणं मोजतेस."
असेल. पण मला दोन हवे होते.
मी दोनच लिहिले.

मग ओढ्याकाठची रानचेरी एका रात्रीत पांढरी झाली,
तिच्या कडूगोड वासाने वाट जड.
ती फुलली की थंडी मागे फिरते,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
लवकरचे बटाटे चार बोटं वर आलेले,
स्ट्रॉबेरीला पहिली फुलं, पिवळ्या डोळ्यांची, भाबडी.
एकवीसला वारा पडला. तेच वाईट.
रात्री दहालाही उजेड होता, आणि आभाळ
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं, एक डाग नाही.
वाल्दुर बोट ओलं करून उभा राहिला,
काही न बोलता चादरी आणायला घरात गेला.

मीही आणल्या. तागाच्या दोन, कधीच न वापरलेल्या,
बंद पडलेल्या शाळेचे निळे पडदे,
फेरीबोटीच्या कंपनीने निरोपाला दिलेला मेजपोस.
तरी पुरेना. बटाट्याच्या शेवटच्या दोन ओळी उघड्या.
अंगावरचा कोट काढून पाहिलं
त्याखाली किती रोपं मावतात : पाच.
कोणती पाच,
हे ठरवायला मला फार वेळ लागला.

पहाटे चारला उणे तीन.
चादरी उचलल्या तर पत्र्यासारख्या वाजल्या.
खाली स्ट्रॉबेरी दमट, जिवंत.
कोटाखालच्या पाचांतले चार हिरवे.
उघड्या ओळी ऊन चढल्यावर काळवंडल्या,
उकडलेल्या पालकासारख्या लोळल्या.
"खालून फुटतील," वाल्दुर म्हणाला, "डोळे असतात त्यांना."

त्याच्या आलुबुखाराची फुलं मात्र होती तशीच पांढरी.
त्याने एक तोडलं, उलगडलं, माझ्यापुढे धरलं :
मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका.
मग तो झाडाभोवती फिरला, फांद्या हलवल्या,
दुसरं फूल काही उघडलं नाही.

पाऊस आला तो सव्वीसला, तीन दिवस, आडवा.
कुरणात गवत चरायला उतरलेले हंसही
माना पंखांत घालून बसले.
मी माझं मापक सफरचंदाखालून काढून
आमच्या सामाईक खांबाला ठोकलं होतं.
अडतीस. त्याचंही अडतीस.
त्याने काही म्हटलं नाही, मीही नाही.
पापडी फुटली, गाजरं आली, पण वाकडी, विरळ,
आणि त्यांच्यामागून गोगलगायी,
एवढ्या दिवसांच्या उपाशी.

आज एकतीस. चादरी दोरीवर आहेत,
त्याच्या कोणत्या, माझ्या कोणत्या, कळत नाही.
घेवडा मी अजून पेरलेला नाही.
रोज सकाळी वाफ्यात मनगटापर्यंत हात घालते,
थोडा वेळ थांबते,
आणि हात तसाच मातीसकट
कोटाच्या खिशात ठेवते.